"तो निवडलेलाच नसेल" असं कोणी म्हणालं तर

सलाम ताई,

बाकीच्यांसाठी तुमचा प्रश्न थोडक्यात सांगतो. नवापूरकडच्या एका सभेत पाहुण्या उपदेशकांनी बायबलमधल्या, पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राचा ९वा अध्याय घेतला. याकोब आणि एसाव हे जुळे भाऊ जन्मलेही नव्हते, त्यांच्या हातून बरं-वाईट काही घडलं नव्हतं, तरी देवाने एकाला निवडलं. तेव्हा तारण (पापापासून सुटका) कोणाचं हे आधीच ठरलेलं आहे, असा उपदेशाचा रोख. घरी आल्यावर तुमचे काका मोठ्या भावाबद्दल म्हणाले, "तो निवडलेलाच नसेल, सोड त्याचा नाद." तर त्याच्यासाठी प्रार्थना करावी की नाही?

करत राहा. आणि काकांना सांगा, असं म्हणायची मुभा, तारण देवानेच आधी ठरवलंय असं शिकवणाऱ्या धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या परंपरेनेही कोणाला दिलेली नाही. झुरिकच्या बुलिंगरने लिहिलेलं आणि १५६६ मध्ये प्रसिद्ध झालेलं दुसरं हेल्वेटिक विश्वासपत्र (मंडळी काय मानते ते मांडणारा लेख) याच परंपरेतलं. निवडीच्याच प्रकरणात ते बजावतं की सगळ्यांविषयी चांगली आशा धरा, उतावळेपणाने कोणालाही टाकलेल्यांत मोजू नका. ज्या डॉर्टच्या धर्मसभेतून (१६१८-१९) कॅल्व्हिनवादाचे प्रसिद्ध पाच मुद्दे आले, तिनेही लिहून ठेवलंय की सुवार्ता सगळ्यांना, माणसामाणसांत फरक न करता सांगायची. देवाच्या मनातली यादी कोणाच्या हाती नाही, हे कडक कॅल्व्हिनवादीही मानतात. मग ती काकांच्या हाती कुठून आली?

आता तो ९वा अध्याय. सभेत बहुधा कुंभार आणि मातीच्या दाखल्यापर्यंत (कुंभार मातीचं हवं ते करतो, तसा देव) येऊन थांबले असतील. तिथेच थांबायची आपल्याकडे सवयच आहे. पण अध्यायाची सुरुवात पाहा. पौल म्हणतो, मला मोठं दुःख आहे, माझ्या भाऊबंदांसाठी मी स्वतः ख्रिस्तापासून तोडला गेलो तरी चालेल. आणि पान उलटा: १०व्या अध्यायाचं पहिलंच वचन, त्यांचं तारण व्हावं ही माझी मनापासूनची इच्छा आणि देवाजवळ विनंती आहे. म्हणजे निवडीवर इतकं कठोर लिहिणाऱ्या माणसाने लगेच प्रार्थनेचं सांगितलं, तीही ज्यांनी अजून ख्रिस्ताला मानलेलं नाही अशा आपल्याच लोकांसाठी. आणि ११व्याच्या शेवटाकडे तो येतो ते देवाने सगळ्यांवर दया करावी इथवर. ९, १० आणि ११ हे एकच बोलणं आहे. मधूनच तोडलं की भलताच अर्थ निघतो.

दुसरी अडचण आपल्या मुलखाची. पाचवीला सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लिहून जाते, म्हणून पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, हे आपल्या घरांत आज्यांनी केलेलं आहे. बाप्तिस्मा झालेल्या घरांतही काही ठिकाणी गुपचूप होतं. माझी आजी तर कशालाही म्हणायची, "देवना मनमा जे व्हई तेच व्हई." त्या कानांनी पूर्वनेमणूक (देवाने आधीच ठरवणं) ऐकली की ती सटवाईसारखीच वाटते. सटवाई लिहिते आणि निघून जाते, त्या बाळाशी तिचा पुढे संबंध नसतो. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल निवडीबद्दल लिहितो ते दत्तक घेण्याच्या भाषेत, ख्रिस्तामध्ये, बापाच्या प्रेमातून. दत्तक घेणारा घरातच असतो. आणि ते पत्र विश्वासात आलेल्यांना लिहिलेलं आहे. तुम्ही इथवर आलात ती तुमची कमाई नाही, हे सांगायला. बाहेर उभ्या असलेल्यांचा हिशेब लावायला नाही.

बाकी वाद जुना आहे. ५व्या शतकात पेलाजियस नावाचा ख्रिस्ती शिक्षक म्हणाला, माणसाने मनावर घेतलं तर आज्ञा पाळता येतात. बिशप ऑगस्टीनने उत्तर दिलं की कृपेशिवाय माणूस देवाकडे वळूच शकत नाही. मंडळीने ऑगस्टीनची बाजू घेतली, पण ५२९ मध्ये फ्रान्समधल्या ऑरेंज इथे भरलेल्या धर्मसभेने देव कोणाला दुष्टपणासाठी नेमतो ही कल्पना साफ झिडकारली. पुढे डच धर्मपंडित आर्मिनियसने म्हटलं, कोण विश्वास ठेवील हे देवाला आधीच ठाऊक, त्यावरून निवड. त्याच्या अनुयायांनी १६१० मध्ये पाच कलमं मांडली, आणि डॉर्टची सभा त्यांनाच उत्तर द्यायला भरली. आर्मिनियसवाले "स्वतःच्या बळावर तारण" मानतात असं यूट्यूबवर ऐकाल, ते खरं नाही. कृपा आधी येते, नंतर माणूस होकार देतो, आणि ती नाकारता येते, एवढंच त्यांचं म्हणणं. पुढे मेथडिस्ट पंथाच्या वेस्लीनेही हेच धरलं. कॅथलिकांतही डोमिनिकन आणि जेझुइट या दोन संघांची यावर इतकी जुंपली की १६०७ मध्ये पोप पाचवे पॉल यांनी निकाल न देताच सुनावणी थांबवली. भुसावळच्या आमच्या कॅथलिक मित्रांशी बोलताना हे आठवावं.

माझा स्वतःचा कल वेस्लीकडे. पण कॅल्व्हिनच्या परंपरेतल्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्राची एक गोष्ट पटते. ते म्हणतं, देवाच्या ठरावाने माणसाची इच्छा किंवा मधली कारणं खोटी होत नाहीत. त्या हिशेबाने तुमची प्रार्थना ठरावाच्या आड येत नाही, तीही त्यातच धरलेली असू शकते. तेव्हा दोन्हींतली कुठलीही बाजू घ्या, प्रार्थना थांबवायचं कारण निघत नाही.

आपल्याकडे हा गोंधळ होणारच. धुळे-नंदुरबारकडे आलेलं स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन १८९० मध्ये फ्रान्सन या फिरत्या पुनरुज्जीवन-प्रचारकाने अमेरिकेत सुरू केलेलं. "आजच निर्णय घ्या" म्हणणारं वळण. जळगाव-भुसावळकडच्या अलायन्स या दुसऱ्या मिशनचे संस्थापक सिम्पसन हे आधी प्रेसबिटेरियन, म्हणजे कॅल्व्हिनच्या परंपरेतले पाळक. एकाच घरात दोन्ही सूर ऐकू येतात.

आता भावाबद्दल. तुम्हीच लिहिलंय की वडिलांच्या दफनाच्या वेळी मंडळीतल्या कोणी तरी त्याला चारचौघांत टोचून बोललं, आणि तेव्हापासून तो यायचा बंद झाला. मग यात रोमकरांस पत्राचा ९वा अध्याय आणायचाच कशाला? जो बोलला त्याला आधी भावाच्या दारात पाठवा. काका मंडळीचे पंच आहेत म्हणता, तर हे काम त्यांनाच सांगा.