शरद की पानगळ?

पिवळ्या-तांबड्या पानांची झाडे, बुंध्याशी साचलेला पाचोळा आणि मागे उघड्या फांद्या अशा निसर्गचित्राचा अर्थ उलगडताना 'शरदातील वृक्ष' म्हणावे की 'पानगळ', असा प्रश्न आहे. या चित्रासाठी मी 'पानगळ' हाच शब्द निवडेन.

युरोपातील या ऋतूला आपण 'शरद' म्हणतो, कारण आश्विन-कार्तिकाचा काळ त्याच्याशी बराचसा जुळतो. परंतु मराठी वाचकाच्या मनात शरद म्हणताच पाऊस सरल्यानंतरचे निवळलेले आकाश आणि टिपूर चांदणे उभे राहते, तर पाने गळण्याचे चित्र शिशिराशी, म्हणजे माघ-फाल्गुनाशी, जोडलेले असते. 'जीवेम शरदः शतम्' या प्रार्थनेत तर शरद म्हणजे वर्ष. तिथे ऱ्हासाची छटाही नाही. 'पानगळ' हा शब्द कोणत्याही महिन्याला बांधलेला नसून झाडाचे काय होते आहे तेवढेच सांगतो. ('पानझड'ही चालेल, पण 'गळणे' मला अधिक संथ वाटते.)

मात्र हा शब्द सरसकट लावू नये. रशियन चित्रकार इसाक लेव्हिटान यांच्या १८९५ मधील प्रसिद्ध चित्रात बर्च वृक्षांची सोनेरी पाने अजून फांद्यांवरच आहेत आणि वर निळे आकाश आहे. तिथे 'शरद' शोभून दिसतो.

क्रियापदाकडेही लक्ष द्यावे. पाने 'पिवळी पडतात', पण 'लाल पडतात' असे आपण म्हणत नाही. ती लाल होतात. हा भेद मला फार मोलाचा वाटतो, कारण हरितद्रव्य ओसरल्यावर पानात आधीपासून असलेला पिवळा रंग उघडा पडतो, तर लाल रंगद्रव्य बहुधा त्याच सुमारास नव्याने तयार होते. म्हणून सगळ्याच पानांना 'पिवळी पडलेली' म्हटले, तर चित्रातील तांबड्या रंगाचा जोम वर्णनातून निसटतो.

मागच्या फांद्यांसाठी 'वठलेली झाडे' हा शब्दप्रयोग टाळावा. वठलेले झाड पुन्हा पालवत नाही. 'निष्पर्ण' झाड पालवते. चित्रकाराने त्या फांद्यांच्या टोकांवर कळ्यांचे बारीक ठिपके रंगवले असतील, तर 'निष्पर्ण' हाच शब्द अचूक ठरेल.