नाचून-गाऊन पोटऱ्या दुखतायत, आवाज बसलाय?
अगं, पोटऱ्यांचं फार मनावर घेऊ नकोस. नव्या हालचालींनंतर दुखणं 24 ते 72 तासांत सगळ्यात जास्त जाणवतं, मग आपोआप ओसरतं. पडून राहण्यापेक्षा थोडं चाल, हलकेच ताण दे. मात्र सांध्यात कळ आली किंवा सूज दिसली तर नाच बंद.

गळ्याचं वेगळं. मिठाच्या गुळण्यांनी घशाला बरं वाटतं, पण ते पाणी स्वरतंतूंपर्यंत पोचतच नाही. तिथे वाफ, दिवसभर घोट घोट पाणी आणि मौन. आवाज बसल्यावर मी कुजबुजत बोलायचे, तेवढाच आराम म्हणून! त्यानेही गळ्यावर ताण येतो. वेदनाशामक गोळी घेऊन तर गाऊच नकोस, दुखतंय तेच कळत नाही. 3 आठवड्यांनंतरही घोगरेपणा राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखव.