एनएचएलमध्ये (उत्तर अमेरिकेतली बर्फावरच्या हॉकीची सगळ्यात मोठी लीग) काळे किंवा आशियाई वंशाचे खेळाडू इतके कमी का, आणि जे आहेत त्यांना काँट्रॅक्टमध्ये पैसे कमी देतात का?

प्रश्न दोन आहेत आणि लोक ते नेहमी एकात एक गुंतवतात, म्हणून आधी सोडवून घेतो. पैसे कमी देतात का, तर वरच्या टोकाला तसं दिसत नाही. माणसं कमी का, तर त्याचं उत्तर एनएचएलच्या कितीतरी आधी, सहा-सात वर्षांच्या पोराच्या स्केट्सच्या नाड्यांपाशी आहे.

मी मूळचा नाशिकचा, बरीच वर्षं ब्रॅम्प्टनला आहे, टोरोंटोच्या शेजारी. इथे हॉकी म्हटलं की बर्फावरचीच, आपल्या ध्यानचंदांच्या हॉकीला हे लोक फील्ड हॉकी म्हणतात, सुरुवातीला मला त्याचा रागच यायचा. माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, हाऊस लीग खेळतो, म्हणजे सगळ्यात खालची पायरी. शनिवारी पहाटे सहाला रिंकवर, कारण सोयीच्या वेळा वरच्या टीमना जातात, बाहेर उणे पंधरा, मी गुडघ्यावर बसून त्याच्या नाड्या ओढतोय, बोटं लाल झालीत आणि किटबॅगमधून असा कुबट वास येतोय की गाडीची खिडकी थंडीतही उघडी ठेवावी लागते. स्केट्स दर वर्षी लहान होतात. चांगली कॉम्पोझिट स्टिक ३०० डॉलरच्या वर जाते आणि एका स्लॅपशॉटमध्ये, म्हणजे स्टिक मागे उंच नेऊन मारलेल्या जोरदार फटक्यात, मोडू शकते. वरच्या ट्रिपल ए लेव्हलला गेलात की बर्फाचं भाडं, कोच, दुसऱ्या गावातल्या टूर्नामेंट, हॉटेल, आणि आई किंवा बाप, कुणीतरी एक, आठवडाभर ड्रायव्हर. बास्केटबॉलला एक चेंडू आणि एक जोडी बूट लागतात. नवीन आलेल्या माणसाने कुठला खेळ निवडावा ते तुम्हीच सांगा. त्यात रिंकवर एकदा एका बाईंनी अगदी गोड हसून विचारलं होतं, "क्रिकेटला नाही घातलंत?" वाईट हेतू नसेल, पण माझ्या डोक्यात ते अजून आहे.

तर गाळणी तिथे लागते. आणि पूर्वी तर गाळणी नव्हे, दारच बंद होतं. लॅरी क्वाँग, चिनी वंशाचा, ब्रिटिश कोलंबियातला, १९४८ साली न्यूयॉर्क रेंजर्सकडून एनएचएलमध्ये उतरला, मॅच संपता संपता त्याला एक शिफ्ट, म्हणजे बर्फावर उतरायची एक पाळी, मिळाली, साधारण मिनिटभराची, आणि ते मिनिट म्हणजे त्याचं अख्खं एनएचएल करिअर. विली ओरी हा पहिला काळा खेळाडू, १८ जानेवारी १९५८, बॉस्टन ब्रुइन्स, मॅच माँट्रियलमध्ये. त्याचा उजवा डोळा जवळजवळ गेलेला होता, पक (चेंडूऐवजी असते ती रबराची चकती) लागून, आणि ते त्याने लपवून ठेवलं होतं! ४५ मॅच खेळला, शेवटची १९६१ मध्ये, आणि पुढचा काळा खेळाडू यायला १९७४ उजाडलं. ब्रुइन्सने त्याचा २२ नंबर निवृत्त केला, म्हणजे तो पुढे कुणाला द्यायचा नाही असं ठरवलं, ते २०२२ मध्ये, म्हणजे बरोब्बर चौसष्ट वर्षांनी.

आता पैशाकडे येतो. एनएचएलमध्ये सॅलरी कॅप आहे. मालक आणि खेळाडूंच्या भांडणात २००४-०५ चा पूर्ण सीझन रद्द झाला, त्यानंतर हा नियम आला. २००५-०६ ला एका टीमला खेळाडूंवर ३ कोटी ९० लाख डॉलर खर्च करता यायचे, २०२५-२६ ला ९ कोटी ५५ लाख. एका खेळाडूला कॅपच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त देता येत नाही. म्हणजे टोपलीत भाकऱ्या मोजून आहेत, एकाने दोन जास्त घेतल्या की दुसऱ्याच्या ताटात कमी, आणि कोणाला किती हे सगळ्या गावाला माहीत. त्यामुळे इथे पगारावर जेवढी चर्चा होते तेवढी गोलवरही होत नाही.

आणि आकडे बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये मिनेसोटाने किरिल काप्रिझोव्हला ८ वर्षांचे १३ कोटी ६० लाख दिले, लीगच्या इतिहासातला सगळ्यात मोठा करार. तो रशियन. त्याच्या आधी वर्षाच्या सरासरीत पुढे असलेला एडमंटनचा लिऑन ड्रायसाइटल, ८ वर्षं ११ कोटी २० लाख, तो जर्मन. म्हणजे पासपोर्टच्या बाबतीत ही लीग बऱ्यापैकी मोकळी आहे, स्वीडिश, फिनिश, चेक सगळे आहेत, फक्त रंग एकच. पण जे थोडे वेगळे वर पोचले त्यांचेही आकडे लहान नाहीत. टोरोंटोचा ऑस्टन मॅथ्यूज, आई मेक्सिकोची, ४ वर्षांचे ५ कोटी ३० लाख. सेथ जोन्स ८ वर्षं ७ कोटी ६० लाख, डार्नेल नर्स ८ वर्षं ७ कोटी ४० लाख, दोघांचे वडील काळे, दोघांची काँट्रॅक्ट्स २०२१ च्या एकाच उन्हाळ्यातली. माँट्रियलचा कॅप्टन निक सुझुकी, आडनावावरून मूळ कुठलं ते कळतंच, ८ वर्षं ६ कोटी ३० लाख. डॅलसचा जेसन रॉबर्टसन, आईचा जन्म मनिलाचा, ४ वर्षं ३ कोटी १० लाख. गोल टाकणाऱ्याला जीएम, म्हणजे टीमचा जनरल मॅनेजर, पैसे देतो, कारण नाही दिले तर बाकीच्या एकतीस टीम बसल्याच आहेत. मात्र जोन्सचे वडील पॉपाय जोन्स एनबीएमध्ये खेळलेले आणि नर्सचे वडील कॅनेडियन फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे घरात खेळाची समज आणि थोडा पैसा आधीपासून होता. परत तेच, नाड्यांपाशी.

आता मला खरं सांगायचंय ते पी. के. सुबान बद्दल. वडील जमैकाचे, आई माँटसेराटची, पोरगा टोरोंटोत वाढला आणि माँट्रियल कॅनेडियन्सचा डिफेन्समन झाला. पहिलं काँट्रॅक्ट संपलं तेव्हा तो रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट होता, म्हणजे हक्क टीमकडे, आणि लवादाकडे जायचा अधिकार अजून मिळालेला नव्हता, त्यामुळे हातात एकच हत्यार, खेळायचं नाही. तो काही मॅच घरी बसला आणि जानेवारी २०१३ मध्ये शेवटी २ वर्षांच्या ५७ लाख ५० हजारांवर सही केली. याला ब्रिज काँट्रॅक्ट म्हणतात, म्हणजे आधी सिद्ध कर मग बघू. पठ्ठ्याने त्याच सीझनला नॉरिस ट्रॉफी जिंकली, लीगमधल्या सर्वोत्तम डिफेन्समनची! टीमची काटकसर टीमलाच महागात पडली, ऑगस्ट २०१४ मध्ये ८ वर्षांचे ७ कोटी २० लाख द्यावे लागले, वर्षाला सरासरी ९० लाख, तेव्हा कुठल्याच डिफेन्समनची सरासरी तेवढी नव्हती. पुढच्या वर्षी त्याने माँट्रियलच्या लहान मुलांच्या हॉस्पिटलसाठी १ कोटी डॉलर उभे करायचं वचन दिलं.

आणि एवढं होऊन त्याच्याबद्दल बोलायचे काय, तर फार मिरवतो, गोल झाल्यावर फार नाचतो, कपडे भडक घालतो. हॉकीत एक न लिहिलेला नियम आहे, मान खाली घाला, मुलाखतीत "टीमने चांगलं खेळलं" एवढंच म्हणा. गोरा पोरगा नाचला तर तो उत्साही, हा नाचला तर गर्विष्ठ, असं मला वाटतं, कोणी सहमत नसेल तर नसो. काँट्रॅक्टमध्ये त्याला नो-मूव्ह क्लॉज होता, म्हणजे त्याच्या मर्जीशिवाय ट्रेड करता येणार नाही, पण तो लागू होणार होता १ जुलै २०१६ पासून. २९ जूनला त्याला नॅशव्हिलला पाठवलं, शे वेबरच्या बदल्यात! दोन दिवस आधी. हॉकीच्या दृष्टीने ट्रेडवर वाद घालता येतो, वेबर उत्तमच खेळाडू होता, रंगामुळे पाठवलं असा दावा मी करणार नाही, पण तारीख बघून माझं डोकं सणकलं होतं हे खरं. पुढच्याच वर्षी नॅशव्हिल पहिल्यांदा स्टॅनली कपच्या, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या, फायनलला गेलं आणि सुबान त्यात होता.

खालच्या पायऱ्यांवर तर काँट्रॅक्टचं कवचही नसतं. वेन सिमंड्स हा काळा खेळाडू तर तेव्हा एनएचएलमध्ये, फिलाडेल्फियाचा चांगला नाव असलेला होता, तरी, २०११ मध्ये ओंटारियोतल्या लंडनला सरावाच्या मॅचमध्ये प्रेक्षकांतून त्याच्या दिशेने केळं फेकलं गेलं. ज्युनिअरमधल्या पंधरा वर्षांच्या पोराचं काय होत असेल, कॅमेराही नसतो तिथे. आणि लीगच्याच २०२२ च्या अहवालाप्रमाणे लीग आणि टीमचे ८३.६ टक्के कर्मचारी गोरे, म्हणजे काँट्रॅक्टच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूलाही चित्र तेच. पहिला काळा जीएम, सॅन होजेचा माइक ग्रिअर, २०२२ च्या जुलैमध्ये आला.

भारतीय वंशाचं कोणी आहे का हे पुढे कमेंटमध्ये येणारच, म्हणून आत्ताच लिहितो. रॉबिन बावा १९८९ ला वॉशिंग्टनकडून उतरला, एकूण ६१ मॅच. मॅनी मल्होत्रा १९९८ च्या ड्राफ्टमध्ये (टीम नवीन पोरं एकेक करून निवडतात तो कार्यक्रम) सातव्या नंबरला गेला, २०१० ला व्हँकुव्हरने त्याला ३ वर्षांचे ७५ लाख दिले, पुढच्या मार्चला डोळ्याला पक लागला आणि तरी तो जूनमध्ये फायनल खेळायला परत आला. बघणारा वर्ग मात्र कधीच तयार आहे, २००८ पासून हॉकीची पंजाबी कॉमेंट्री चालते, स्लॅपशॉटला ते लोक चपेड शॉट म्हणतात, आमच्या घरात आता तोच शब्द चालतो, मराठीत थोबाडीत शॉट काही बसत नाही. व्हँकुव्हरशेजारच्या सरीचा अर्शदीप बैन्स ड्राफ्टमध्ये कोणीच घेतला नाही, तरी ज्युनिअरला त्याने वेस्टर्न लीगमध्ये सगळ्यात जास्त पॉइंट केले आणि घरच्याच व्हँकुव्हरकडून फेब्रुवारी २०२४ मध्ये एनएचएलला उतरला. मोठं काँट्रॅक्ट अजून दूर आहे, तो एनएचएल आणि खालची लीग असा वर-खाली होत असतो. व्हँकुव्हरची खालची टीम अ‍ॅबट्सफर्ड, तिने २०२५ ला काल्डर कप, म्हणजे त्या खालच्या लीगचं विजेतेपद, जिंकला, बैन्स टीममध्ये होता आणि हेड कोच होता मल्होत्रा.