मूल हरवलं तर तक्रारीसाठी २४ तास थांबावं लागतं का? पोलिसांशिवाय कोण मदत करतं?

अजिबात थांबू नका, लगेच ११२ लावा आणि जवळचं पोलीस ठाणं गाठा. बेपत्ता मुलाच्या तक्रारीवर एफआयआर नोंदवायचा आणि अपहरण किंवा तस्करी गृहीत धरूनच तपास सुरू करायचा, असा सर्वोच्च न्यायालयाचा 'बचपन बचाओ आंदोलन' प्रकरणातला आदेश आहे, १० मे २०१३ चा. "आमच्या हद्दीत येत नाही" म्हणाले तर झिरो एफआयआर (हद्द कुठलीही असो, कोणत्याही ठाण्यात नोंदवता येणारा एफआयआर) मागा आणि प्रत घेतल्याशिवाय उठू नका. अलीकडचा फोटो, अंगावरचे कपडे, जन्मखूण, मुलाकडे मोबाईल असेल तर त्याचा नंबर, एवढं हाताशी ठेवा.

सोबत हे:
- १०९८, चाइल्ड हेल्पलाइन: मोफत, चोवीस तास.
- १३९, रेल्वे: घरातून निघून गेलेली बरीच मुलं स्टेशनवरच आरपीएफला (रेल्वे सुरक्षा दलाला) सापडतात, म्हणून हा फोन टाळू नका.
- मिशन वात्सल्य पोर्टल: हरवलेल्या आणि बालगृहात पोचलेल्या मुलांच्या नोंदी इथे जुळवल्या जातात. पहिल्या काही तासांत मात्र याचा फारसा उपयोग नाही.

एक लक्षात घ्या, १०९८ ला कळवलं म्हणजे एफआयआर झाला असं नाही. तो वेगळाच करावा लागतो. आणि व्हॉट्सॲपवर फोटो फिरवताना संपर्काला पोलीस ठाण्याचा नंबर द्या. घरचा दिलात तर पैसे उकळणारेही फोन करतात.