मुलांसाठी पळायचंय, पण पैसे मागायचे कसे?

प्रश्न: ताई, घर सुटलेल्या मुलांसाठी पैसे जमवायला फुल मॅरेथॉन पळायचं ठरवलंय, आत्ता जेमतेम 5 किमी पळते. लोकांकडे मागायची लाज वाटते.

उत्तर: अगं लाज कसली, स्वतःसाठी थोडीच मागतेयस! पण 42.195 किमी म्हणजे खेळ नाही, निदान सहा-आठ महिने हातात ठेव, अंतर हळूहळू वाढव आणि नडगी दुखायला लागली की थांब, दुखणं अंगावर काढू नकोस. पैसे थेट संस्थेच्या खात्यात जाऊ देत. पहिला मेसेज ग्रुपवर नको, जवळच्या दहा जणांना एकेकट्याला कर, नावानिशी. आणि मनापासून सांगते, मुलांचे चेहरे फोटोत नकोत, त्यातली काही कुणापासून तरी लपून राहत असतात गं. तुझे चिखलाने माखलेले बूट दाखव की.