कॅथेटर लावलेल्या मुलांची काळजी

प्रश्न : सहा वर्षांच्या माझ्या मुलीला शस्त्रक्रियेनंतर लघवीसाठी कॅथेटर लावला आहे. संसर्ग होऊ नये म्हणून आम्ही काय करावे?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : कॅथेटर, म्हणजे मूत्राशयातील लघवी बाहेर काढणारी नळी, जितके दिवस आत राहतो तितका संसर्गाचा धोका वाढत जातो, म्हणून राउंडला येणाऱ्या डॉक्टरांना ‘आज तो काढता येईल का?’ असे रोज विचारावे, त्यात संकोच मुळीच बाळगू नये. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकता लटकलेली असावी. सोनोग्राफीला नेताना स्ट्रेचरवर ती पुष्कळदा मुलाच्या पोटावरच ठेवली जाते आणि नळीतील लघवी उलटी मूत्राशयात जाऊ शकते. अशा वेळी आपण स्वतः लक्ष घालावे. नळीला पीळ पडू देऊ नये आणि तिचा पिशवीशी असलेला जोड विनाकारण सुटा करू देऊ नये. हात धुतल्याशिवाय नळीला कोणीही स्पर्श करू नये, मग ती आजी असो वा परिचारिका. रोजच्या स्वच्छतेला साबण-पाणी पुरते. केवळ खबरदारी म्हणून अँटिबायोटिकचा आग्रह मात्र धरू नये, कारण त्याने औषधांना दाद न देणारे जंतू वाढतात. ताप, थंडी किंवा ओटीपोटात दुखणे जाणवल्यास लगेच सांगावे.