पंधरा जणांच्या ऑफिसात फोन, व्हिडिओ मीटिंग आणि चॅट एकत्र असलेले टचस्क्रीन फोन प्रत्येक टेबलावर घ्यावेत का?

नको. निदान प्रत्येक टेबलावर तरी नको.

मी नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ईपीएबीएक्स (ऑफिसातलं आतलं टेलिफोन एक्स्चेंज) आणि इंटरकॉमची कामं करतो, त्यामुळे या विषयावर गप्प बसवत नाही. अंबडच्या एका मशिनिंगवाल्यांकडे माझीच बसवलेली सिस्टिम होती, रडतखडत का होईना, चालत होती. मग छोटे शेठ कारभार बघायला लागले आणि सगळीकडे मोठ्या स्क्रीनचे फोन आले. डिस्पॅचलासुद्धा! तिथल्या माणसाचे हात दिवसभर कूलंटने माखलेले, नाहीतर हातमोज्यात. ही स्क्रीन बोटातून जाणाऱ्या विजेवर चालते, साध्या सुती मोज्याला ती दाद देत नाही. बिचारा दर फोनला दाताने मोजा ओढायचा, शर्टाला बोट पुसायचा, तोवर समोरच्याने ठेवलेला असायचा.

रिसेप्शनच्या मॅडमचे हाल वेगळे. जुन्या कन्सोलवर त्या गेटपास लिहिता लिहिता, मान वर न करता कॉल स्टोअरला फेकायच्या. कुठली लाइन बिझी ते दिव्यावरून कळायचं. काचेला बटणाचा उंचवटा नसतो, बघितल्याशिवाय दाबता येत नाही, हे कुणी लक्षातच घेतलं नाही.

मी आधीच म्हटलं होतं, पीओई स्विच (नेटवर्कच्या केबलमधूनच फोनला वीज देणारा डबा) यूपीएसवर घ्या. उत्तर मिळालं, "काका, आता तो काळ गेला." मे महिन्यात वळीव आला, लाइट गेली, अख्खी कंपनी मुकी. चाकणचा कस्टमर गाडी कुठपर्यंत आली विचारायला फोन करतोय आणि इकडे पंधरा काळ्या काचा. ईपीएबीएक्सला बॅटरी जोडलेली असली की साध्या फोनला वीज तारेतूनच मिळते, म्हणून तो अंधारातही वाजतो. तो काळ गेला म्हणे!

दुसरं म्हणजे, असल्या वस्तूचं आयुष्य तुमच्या हातात नसतं. सिस्कोने २०१० साली सियस नावाचा टॅबलेट जाहीर केला, फोनच्या स्टँडवर बसणारा, खास ऑफिसांसाठी. २०१२ साली गुंडाळला. गूगलचा जॅमबोर्ड, ५५ इंची, मीटिंग रूममध्ये लावायचा, २०२४ अखेर बंद. काच शाबूत, पण आतली सेवाच बंद. एसआयपी ही नेटवर्कवरून फोन लावायची सगळ्या कंपन्यांची सामाईक पद्धत. बटणांचा साधा एसआयपी फोन बहुतेक एसआयपी सर्व्हरला जोडता येतो, म्हणून तो टिकतो.

आता तुमचं. कॉन्फरन्स रूममध्ये एक टचस्क्रीन घ्या, तिथे ती खरंच कामाची आहे. रिसेप्शनला बटणं आणि दिवे असलेला आयपी फोन (नेटवर्कच्या केबलवर चालणारा), बाकी टेबलांवर साधे. फिरतीवरच्या मुलांना मोबाइलवर ॲप द्या, बस झालं. व्हिडिओ वायफायवर टाकू नका, केबल ओढा. स्विच घेताना विक्रेत्याला एकूण वॉट विचारा. साध्या पीओईत एका पोर्टला १५.४ वॉटपर्यंत, म्हणजे २४ पोर्टला जवळजवळ ३७० वॉट लागू शकतात. स्वस्तातल्या स्विचचं एकूण बजेट बऱ्याचदा याच्या निम्मंच असतं. मोठ्या स्क्रीनच्या काही फोनना ३० वॉटचा पोर्टही लागतो.

कोणत्या कंपनीचा घ्यावा हे विचारलंय, ते मी सांगणार नाही. नाशिकमध्ये ज्याचा सर्व्हिसवाला हाकेला येतो, तो घ्या.

एक राहिलं. तुमचं काम गंगापूर रोडवरच्या आर्किटेक्टसारखं असेल, दिवसभर परगावच्या क्लायंटला ड्रॉइंग दाखवायचं, तर माझं अर्धं म्हणणं सोडून द्या, तुम्हाला स्क्रीन लागेलच. पण तेव्हाही यूपीएस आधी घ्या, आणि तो किती मिनिटं टिकतो हे विकणाऱ्याच्या तोंडून न ऐकता, त्याच्यासमोर मेन स्विच पाडून बघा. छोट्या शेठनी एवढं केलं असतं तरी मी त्यांना अजून नमस्कार घातला असता.